थकलेल्या गुडघ्यातली न थकलेली पेशी

(वाशी येथील एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी मला ‘गुडघेदुखी : कारणे आणि उपाय’ असा ऐसपैस विषय दिला होता. तो मी आखडून घेतला आहे. कारणे आणि उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. या सभागृहातच प्रत्येक रांगेत दोन तरी भेटतील. मी आज एकाच पेशीबद्दल बोलणार आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. त्यांना माझी ही चिकाटी पटली असती असे धरून चालतो.

आपल्याकडे गुडघा दुखायला लागला की डॉक्टरकडे जाण्याआधीच तीन निदाने घरात होतात. ‘वंगण संपलं’, ‘गॅप कमी झाला’ आणि ‘गादी झिजली’. तिन्हींत थोडेबहुत तथ्य आहे. चौथे निदान अलीकडचे आणि ते मेडिकलच्या काउंटरवर होते : ‘कोलॅजेन कमी झालंय.’ लगेच त्यावरचा डबाही समोर येतो. मला या चौथ्या निदानाशी भांडायचे आहे. ते कुठे चुकते हे नीट पाहिले की या आजाराचा सगळा पेच उलगडतो. कारण ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे संधिझीज, झालेल्या सांध्यात कूर्चेची पेशी कोलॅजेन बनवायचे थांबवत नाही. ती पूर्वीपेक्षा जास्त बनवू लागते. तरीही कूर्चा झिजत जाते. हे कसे?

आधी जागा पाहून घेऊ. मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीच्या हाडाचे वरचे टोक आणि गुडघ्याच्या वाटीची आतली बाजू यांवर एक पांढरा, गुळगुळीत थर असतो. ती ही कूर्चा. बहुतेक ठिकाणी तिची जाडी २ ते ४ मिलिमीटर, वाटीच्या मागे सर्वांत जास्त. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड आणि सांध्याचे आतले अस्तर. एक्सरेत गुडघ्याची दैना दिसत असूनही काही जण आरामात पर्सिक हिलवर चढतात आणि साधारण एक्सरेवाले जिन्यात बसकण मारतात, त्याचे एक कारण इथे आहे. कूर्चेचा ७० ते ८० टक्के भाग नुसते पाणी. पेशी इतक्या विरळ, की एकूण आकारमानात त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. शेजारीण नाही, रक्तपुरवठा नाही, प्राणवायू जेमतेम. चालताना कूर्चा दाबली जाते, सुटते, आणि त्या उघडझापेत सांध्यातील द्रवातून जे झिरपत येईल त्यावर या पेशींची गुजराण.

अशा एकांतात राहणारी ही पेशी स्वतःभोवतीचे सगळे घर स्वतः बांधते. त्या घराचे दोन मुख्य भाग. एक अॅग्रेकन नावाचा रेणू, जो पाणी धरून फुगू पाहतो. दुसरे कोलॅजेनचे जाळे, जे त्याला फुगू देत नाही. या दोघांच्या ओढाताणीतून कूर्चेचा ताठपणा येतो. बेनिंगहॉफ या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये या धाग्यांची मांडणी दाखवली : खालच्या थरात ते हाडातून उभे निघतात, वर जाऊन कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाशी समांतर होतात. वरच्या थरातील आडवे धागे घर्षण सोसतात, खालचे उभे धागे कूर्चेला हाडाशी बांधून ठेवतात.

कोलॅजेनच्या रेणूशी आपल्या देशाचे जवळचे नाते आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालतात ही त्याची रचना मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून. प्रत्येक साखळीत सुमारे हजार अमिनो आम्ले आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसिन, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याच्याहून मोठे काही मावतच नाही. त्वचेत, हाडांत, कंडरांत असते ते पहिल्या प्रकारचे कोलॅजेन. कूर्चेतले वेगळे, दुसऱ्या प्रकारचे. त्याची ओळख १९६९ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या कूर्चेवर काम करणाऱ्या मिलर आणि माटुकास यांनी पटवली. आज अठ्ठावीस प्रकार ठाऊक आहेत, पण आपल्याला आज पुरतील ते पहिला, दुसरा आणि दहावा.

पेशीच्या आत साखळ्या तयार होतात, त्यांच्यावर क जीवनसत्त्वाच्या मदतीने काही रासायनिक संस्कार होतात, पीळ बसतो. मग रेणू बाहेर टाकला जातो. बाहेर आल्यावर त्याची दोन्ही टोके छाटली जातात, रेणूला रेणू लागून धागा होतो आणि धाग्यांमध्ये आडवे रासायनिक टाके पडतात. बाहेरची ही कामे पेशीच्या आतल्या कामाइतकीच महत्त्वाची आहेत. सगळा गोंधळ तिथेच होणार आहे.

आता एक थोडी चमत्कारिक गोष्ट. १९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यामुळे वातावरणातला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला आणि १९६३ च्या बंदी करारानंतर हळूहळू उतरत गेला. तो पिकांत गेला, पिकांतून माणसांत. त्यामुळे शरीरातला एखादा पदार्थ साधारण कोणत्या वर्षांत घडला हे त्यातल्या कार्बन-१४ च्या प्रमाणावरून सांगता येते. कोपनहेगनच्या काटिया हाइनेमायर आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी माणसाच्या गुडघ्यातील कूर्चेवर केली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला. कूर्चेतले कोलॅजेन माणसाच्या वाढीच्या वयात घडते आणि त्यानंतर जवळपास बदलत नाही. याआधी २००० साली दुसऱ्या पद्धतीने झालेल्या एका डच अभ्यासात कूर्चेतल्या कोलॅजेनचे अर्धआयुष्य ११७ वर्षे निघाले होते, त्वचेतल्याचे १५ वर्षे. म्हणजे माणूस संपतो, कोलॅजेन संपत नाही.

या सभागृहात पंचावन्न सालाच्या मागेपुढे जन्मलेले बरेच जण आहेत. तुमच्या गुडघ्यातले कोलॅजेन साठच्या दशकातल्या हवेचे आहे आणि त्यात नोवाया झेमल्या बेटावरच्या आणि पॅसिफिकमधल्या स्फोटांचा अंश आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला आपली अप्सरा अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली, पण ती यात निर्दोष आहे. तेव्हा वाशी, नेरूळ, बेलापूर ही गावे होती, शहर नव्हते. हे शहर वसवणारी सिडकोच स्थापन झाली १९७० मध्ये. तुमच्या गुडघ्यातले जाळे या शहरापेक्षा जुने आहे.

पण हाइनेमायर यांच्या अभ्यासातला खरा बोचरा भाग वेगळा आहे. त्यांनी निरोगी गुडघ्यांबरोबर ऑस्टिओआर्थ्रायटिसने खराब झालेले गुडघेही तपासले. तिथेही कोलॅजेन जुनेच निघाले. नव्याची भर दिसलीच नाही. हे मी मघाशी सांगितलेल्या गोष्टीच्या विरुद्ध जाते. लिपिएलो, हॉल आणि मॅनकिन यांनी १९७७ मध्ये माणसाच्या सांध्यातून काढलेल्या कूर्चेला किरणोत्सारी प्रोलीन देऊन मोजले, तेव्हा आजारी कूर्चेत कोलॅजेनची निर्मिती निरोगी कूर्चेपेक्षा वाढलेली होती. कुत्र्यांच्या गुडघ्यात मुद्दाम अस्थिबंध कापून केलेल्या प्रयोगांतही तेच दिसले, आणि वाढ अनेक पटींची होती. पुढे जनुकांच्या पातळीवर पाहिले गेले तेव्हा पृष्ठभागाजवळच्या पेशी मंदावलेल्या दिसल्या, पण मधल्या आणि खोल थरातल्या पेशी दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचे जनुक जोरात चालवत होत्या.

दोन्ही मोजण्या बरोबर आहेत. माल तयार होतो, जाळ्यात बसत नाही.

दिवाळे कोळीवाड्यात फाटलेले जाळे दुरुस्त करताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच कळेल. शेजारी सुताची कितीही रिळे पडलेली असोत, फाटलेल्या डोळ्याची जुनी टोके सापडून त्यांना नवे सूत गाठीने बांधले नाही तर जाळे दुरुस्त होत नाही. कूर्चेत ती जुनी टोके टाक्यांनी घट्ट, दाट अॅग्रेकनमध्ये रुतलेली आणि पेशीपासून लांब असतात. कमानींची मांडणी बालपणात हाड वाढताना, सांध्यावरचा भार हळूहळू चढताना घडलेली असते. प्रौढ पेशीला रेणू बनवता येतो. ती वाढ पुन्हा घडवता येत नाही.

शिवाय ती चुकीचा मालही बनवू लागते. पृष्ठभाग फाटला की वरच्या थरातील काही पेशी त्वचेच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि पहिल्या प्रकारचे कोलॅजेन टाकू लागतात. ते ओढ सोसायला चांगले, दाब सोसायला कामाचे नाही. खाली, हाडाजवळच्या काही पेशी दहाव्या प्रकारचे कोलॅजेन बनवतात. लहान मुलांच्या वाढत्या हाडाच्या टोकाशी, कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याच्या टप्प्यावर जे कोलॅजेन दिसते, ते हेच. सत्तर वर्षांच्या बाईच्या गुडघ्यातली पेशी जणू पुन्हा उंची वाढवायला निघते. आणि सांध्याच्या कडेला तर खरोखर नवी कूर्चा तयार होते, दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनसकट, आणि मागाहून तिचे हाड होते. एक्सरेवर डॉक्टर ज्याला ‘हाड वाढलंय’ म्हणतात तो काटा हा. जिथे नको तिथे बांधकाम व्यवस्थित होते, जिथे हवे तिथे होत नाही. नवी मुंबईकरांना या प्रकाराची ओळख मी करून द्यायला नको.

आता तोडणाऱ्या हातांकडे येऊ. कोलॅजेनचा पीळ इतका घट्ट, की बहुतेक विकरांना (एन्झाइमांना) तो तोडता येत नाही. ज्यांना येतो त्यांतले कूर्चेच्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे एमएमपी-१३. ते तिन्ही साखळ्या एका ठरावीक जागी कापते, एका बाजूला पाऊण तुकडा, दुसरीकडे पाव. हे विकर १९९४ मध्ये प्रथम सापडले ते स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत. दोनच वर्षांत ते ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या कूर्चेत दिसले. ते कोण बनवते? तीच कूर्चापेशी. उंदरांच्या कूर्चेत हे विकर मुद्दाम चालू केले तर त्यांना संधिझीज होते (२००१). जनुक काढून टाकले तर सांधा बिघडवल्यावरही कूर्चेची धूप कमी होते (२००९).

पेशी आपलेच घर का पाडते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे. निरोगी कूर्चेत प्रत्येक पेशीभोवती एक पातळ वेष्टन असते आणि त्यामुळे ती बाहेरच्या दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनला थेट शिवत नाही. वाढलेल्या किंवा वाकड्या भाराने ते वेष्टन विरघळले की पेशीच्या पृष्ठभागावरचा डीडीआर-२ हा ग्राहक उघड्या कोलॅजेनला टेकतो आणि त्या स्पर्शाने एमएमपी-१३ ची निर्मिती सुरू होते. कापलेल्या कोलॅजेनमुळे भार आणखी वेडावाकडा पडतो, आणखी वेष्टने जातात. सूज आणणारे रेणू यात तेल ओततात. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची चकती, फाटलेला, पाय बाहेर वाकलेला, वजन वाढलेला, कोणताही गुडघा याच वळणावर येऊन पोहोचतो.

मग कात्रीच बंद करावी, हा विचार औषध कंपन्यांनी केलाच. मरिमास्टॅट हे असल्या सगळ्या विकरांना एकत्र रोखणारे औषध कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले, तेव्हा त्यांचे खांदे आणि हात दुखू लागले, आखडू लागले. कोलॅजेन तोडणे हेही शरीराचे रोजचे काम असते, ते सरसकट थांबवून चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे निर्मिती वाढवणे. स्प्रिफर्मिन हा वाढ घडवणारा रेणू गुडघ्यात टोचून ५४९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दोन वर्षांनंतर सर्वांत जास्त मात्रा घेतलेल्यांत कूर्चेची जाडी सलाइन घेतलेल्यांपेक्षा ०.०५ मिलिमीटरने जास्त होती. वेदनेत मात्र लक्षणीय फरक नव्हता. मला ही चाचणी अपयशी वाटत नाही. माणसाची कूर्चा औषधाने वाढू शकते, हे तिने दाखवले. पण वाढलेली कूर्चा आणि थांबलेली वेदना यांच्यातले अंतरही तिने दाखवले, आणि जाहिरातीत ते अंतर कधीच दिसत नाही.

पेशी बाहेर काढून, वाढवून परत घालायची, हा तिसरा मार्ग. त्यात सुरुवातीलाच एक अडचण होती. कूर्चापेशी काचेच्या बशीत पसरून वाढवली की काही आठवड्यांत ती दुसरा प्रकार सोडून पहिल्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागते, हे १९७७ मध्ये फॉन डर मार्क यांनी दाखवले. बेन्या आणि शॅफर यांनी १९८२ मध्ये त्याच बिघडलेल्या पेशी अगारोजच्या जेलीत सोडल्या. तिथे त्या पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा दुसऱ्या प्रकाराकडे वळल्या. पेशीचा आकार तिच्या कामाशी इतका बांधलेला असतो, हे वाचून मी विद्यार्थिदशेत थक्क झालो होतो, आजही होतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये रुग्णाच्याच पेशी वाढवून २३ जणांच्या गुडघ्यांत घातल्या. मांडीच्या हाडावरची जखम असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. आपल्याकडे २०१७ मध्ये मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या ‘कार्टिग्रो’ या अशाच उपचाराला औषध नियंत्रकांनी मान्यता दिली.

हे ऐकून दोन-तीन जण पुढे सरसावून बसले, ते मला दिसले. त्यांना सांगतो : हा उपचार खेळताना किंवा अपघातात कूर्चेला एका जागी खड्डा पडलेल्या, बहुधा तरुण माणसासाठी आहे. सगळा सांधा झिजलेल्यांसाठी नाही. जिथे आजूबाजूच्या पेशीच कापायला बसल्या आहेत तिथे चार नव्या पेशी काय करणार? अशा टोकाच्या गुडघ्याला आजही सांधेरोपण हाच खरा उपाय आहे. आपल्या घरांत ते माहीत झाले ते अटलबिहारी वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. पंतप्रधान ‘वाटी बदलून’ चालायला लागले म्हटल्यावर बऱ्याच आज्या तयार झाल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती ५४,७२० रुपये होती. यातल्या कुठल्याही शोधापेक्षा या एका आदेशाने अधिक मराठी गुडघे चालते केले असतील, असे माझे मत आहे.

आता मेडिकलच्या काउंटरवरचा तो डबा. त्यातली पूड गुरांच्या कातडीपासून, डुकराच्या त्वचेपासून किंवा माशांच्या खवल्यांपासून काढलेली असते. वनस्पती कोलॅजेन बनवत नाहीत. तेव्हा हिरवा ठिपका असलेल्या डब्यावर कितीही मोठ्या अक्षरांत कोलॅजेन लिहिलेले असो, आत अमिनो आम्ले, क जीवनसत्त्व असले काहीतरी असते. चतुर्थी पाळणाऱ्यांनी निदान लेबल वाचावे. पूड खाल्ली की पोटात ती पचते, तिचे लहान तुकडे रक्तात येतात, एवढे खरे. काही लहान चाचण्यांत वेदना थोडी उतरल्याचे दिसते, त्यांतल्या अनेक उत्पादकांच्याच पैशांवर झालेल्या. त्या पुडीने माणसाच्या झिजलेल्या कूर्चेचे जाळे पुन्हा उभे राहिले, याचा पुरावा नाही. तो कुठून असणार? पेशीला कच्च्या मालाचा तुटवडा कधी नव्हताच. ग्लायसिन आणि प्रोलीन शरीर स्वतः बनवते. ग्लुकोसामिनचेही पूर्वी असेच झाले होते. २००६ च्या अमेरिकी चाचणीत १,५८३ रुग्णांमध्ये एकंदरीने ते वेदनेवर खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तरी ते अजून खपते. बरे वाटत असेल आणि परवडत असेल तर घ्या, मी कोणाच्या हातून हिसकावून घेणार नाही. पण फिजिओथेरपीचे पैसे वाचवून तो डबा आणू नका.

कारण ज्याने पेशीचे वागणे बदलते असे आज खात्रीने हाती असलेले साधन म्हणजे भार. पूर्ण भार काढून घेतला तरी कूर्चा पातळ होते. मणक्याला मार लागून पाय लुळे पडलेल्यांच्या गुडघ्यांत ते मोजले गेले आहे. म्हणून ‘गुडघे जपा, बसून राहा’ हा सल्ला वाईट. जास्त भारही वाईट. शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासात सुमारे पाच किलो वजन उतरवलेल्या स्त्रियांत गुडघ्याच्या त्रासदायक संधिझिजेची शक्यता निम्म्यावर आली. मांडीचे स्नायू बळकट केले तर वेदना उतरते, हे तर अनेक चाचण्यांनी दाखवले आहे. विरंगुळा केंद्रात पत्त्यांच्या दोन डावांमध्ये खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरता येतो. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याची जाहिरात नाही.

हा आजार सुखवस्तू, बसून राहणाऱ्यांचा आहे असा एक गैरसमज आहे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये भिगवण गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. शेतात राबणाऱ्या त्या गावात प्रौढांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना हाडा-सांध्यांचे काही ना काही दुखणे होते आणि सहा टक्क्यांच्या जवळपास लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस. तो आकडा सगळ्या प्रौढांचा आहे, म्हाताऱ्यांचा नव्हे.

आपल्या शहरात याचा पत्ता शोधायला लांब जावे लागत नाही. सिडकोने सुरुवातीला बांधलेल्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. तेव्हा राहायला आलेली तिशीतली जोडपी आज सत्तरी ओलांडून त्याच तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि गुडघ्यामुळे आठवड्यातून एकदाच खाली उतरणाऱ्या बायका माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी नेहमी पाहतो. बाजारातल्या माथाडींचे आणखी वेगळे. गुडघे वाकवून जड वजन उचलणे हा गुडघ्याच्या संधिझिजेचा सिद्ध झालेला धोका आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने उचलायच्या वजनाची वरची रेषा ५५ किलो धरली आहे. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. ५० किलोंवरची गोणी नको, ही मागणी वाशीच्या बाजारात माथाडींनी वारंवार केली आहे. तिच्याकडे मजुरीचा तंटा म्हणून पाहिले जाते. कूर्चा तपासणाऱ्या माणसाला त्या मागणीत एमएमपी-१३ दिसते. चाळिशीत कांद्याच्या गोण्या वाहून ज्याची वेष्टने गेली, त्या माणसाला मी पासष्टाव्या वर्षी व्यायामाचा कागद देतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि तो माथाडी मला विचारतो, ‘डॉक्टर, हे तेव्हा कुणी का नाही सांगितलं?’ या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यात नाही. गोणीचे वजन जिथे ठरते तिथे आहे, आणि ती जागा या सभागृहापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

चिठ्ठ्या बऱ्याच जमल्या आहेत असे कार्यकर्ते खुणावत आहेत. पहिली चिठ्ठी मांडी घालून बसावे की नाही याबद्दल आहे. बसताना आणि उठताना दुखत नसेल तर जरूर बसा.